माझं मत शेवटी कुठे थांबलं

“मी नऊ जणांना मत दिलं” असं फोनवर सांगितल्यावर आईला वाटलं पोरीने परदेशात जाऊन काहीतरी भलतंच केलं. एका माणसाने एकाला मत द्यायचं एवढंच तिला माहीत, आणि ते तिने गेली चाळीस वर्षं न चुकता केलेलं. मागून बाबांचा आवाज आला, “अगं थांब, पसंतीक्रम असणार तिकडं,” आणि त्यांनी फोन हातात घेतला. “आकडे घातलेस काय? एक, दोन, तीन असे?” मी हो म्हटलं. “टिक नाही ना केलीस कुठं?” नाही केली. “मग वैध आहे,” बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला दहावीच्या निकालाच्या दिवशीचा आनंद ऐकू आला.

तारीख होती ७ जून २०२४, शुक्रवार. आयर्लंडमध्ये, डब्लिनला संध्याकाळ, मिरजेत रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले.

मी इथे सहा वर्षं राहत होते, पासपोर्ट भारताचाच, त्यामुळे इथल्या निवडणुकीशी आपला काय संबंध अशा समजुतीत होते आणि बातम्यासुद्धा अर्धवटच बघायचे. मे महिन्यात एकदा रात्री साडेआठला बेल वाजली (तेव्हा इथे नऊ वाजून गेले तरी उजेड असतो), दारात रेनकोट घातलेली एक बाई, हातात ओलसर झालेली पत्रकं, मागे क्लिपबोर्ड घेतलेला एक मुलगा. लोकल कौन्सिलला उभी आहे म्हणाली. मी सांगितलं मी इथली नागरिक नाही, मला मत नाही. तर म्हणाली, आहे की! लोकलला आहे. वय अठरा पूर्ण आणि राहणं इथलं, एवढं बास, नागरिकत्व कुठल्याही देशाचं असू दे. एवढंच नाही, उभंसुद्धा राहता येतं म्हणाली. नाव नोंदवायला अजून थोडे दिवस आहेत, हा फॉर्म.

मी दार धरून तशीच उभी. भारतातलं माझं मत द्यायचं तर स्वतः तिथे जाऊन केंद्रावर उभं राहावं लागतं, परदेशातून पोस्टाने पाठवायची सोय आम्हाला नाही, आणि नेमकं मतदानाच्या तारखेला सुट्टी आणि तिकीट जमवणं मला एकदाही जमलं नव्हतं. म्हणजे इतक्या वर्षांत मी कुठेच मत दिलेलं नव्हतं. आणि ही बाई पावसात उभी राहून मला सांगत होती की तुझं मत आहे, ये.

मग तिने विचारलं, तुमचा एक नंबर ठरलाय का? मी प्रामाणिकपणे सांगितलं की मैदानासाठी भांडणारा तो अपक्ष रविवारी येऊन गेला, तो मला आवडला. आता ही वळून जाणार असं मला वाटलं. आपल्याकडे कसं, घर “त्यांचं” आहे कळलं की कार्यकर्ता चप्पल घालतो आणि पुढच्या पाच वर्षांत त्या दाराशी फिरकत नाही. ही म्हणाली, “चांगला माणूस आहे तो. मग माझा दोन नंबर लक्षात ठेवा. दोन नाही जमला तर तीन.”

त्या रात्री मला झोप लवकर लागली नाही, कारण दोन आणि तीन हे आकडे मी लहानपणी वेगळ्याच ठिकाणी शिकले होते.

बाबा हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. दर सहा वर्षांनी आमच्या घरात शिक्षक मतदारसंघाची निवडणूक यायची, विधान परिषदेची. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर मिळून एवढा मोठा मतदारसंघ, पण मतदार फक्त शिक्षक. ७८ आमदारांच्या आपल्या विधान परिषदेत ७ शिक्षकांचे आणि ७ पदवीधरांचे असतात. तिथे शिक्का नाही, मशीन नाही, तर केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच उमेदवारासमोर आकडा घालायचा. एक कुठेच नसेल तर मत बाद, टिक केली तर बाद, दुसऱ्या पेनाने लिहिलं तर बाद. आणि शिकवणाऱ्या माणसांची मतं दर वेळी हजारांनी बाद व्हायची याचं बाबांना इतकं वाईट वाटायचं की मतदानाच्या आदल्या आठवड्यात ते शाळेच्या स्टाफरूममध्ये कागदावर चौकोन आखून सगळ्यांकडून आकडे घालून घ्यायचे.

मी चौथीत असेन, मी विचारलं की एकच माणूस निवडायचा आहे तर दोन आणि तीन कशाला? तर ते म्हणाले वाचनालयात जाताना मी तुला चिठ्ठी देतो ना, तसं. ते मला चिठ्ठीवर तीन-चार पुस्तकांची नावं नंबर घालून लिहून द्यायचे. पहिलं बाहेर गेलेलं असेल तर दुसरं, तेही नसेल तर तिसरं. ग्रंथपाल काका कपाटापाशी जाऊन क्रमाने बघायचे आणि काहीतरी देऊनच पाठवायचे. पहिलं पुस्तक मिळालं नाही म्हणून मी रिकाम्या हाताने परत आले असं कधी झालं नाही.

आणि तरीसुद्धा मी जेव्हा पहिल्यांदा मत दिलं, तेव्हा रिकाम्या हाताने परत आले. २००९ ची विधानसभा. एक अपक्ष उभे होते, आयुष्यभर पाण्याच्या प्रश्नावर काम केलेले, सगळं गाव नाव चांगलं घ्यायचं, आणि सगळं गाव एकाच वाक्यात सांगायचं की माणूस भला आहे पण येत नाही, त्याला देऊन मत वाया घालवू नको. काकू म्हणाली, मैत्रीण म्हणाली, रिक्षावाले मामा म्हणाले. मी रांगेत उभी राहून शेवटच्या क्षणाला ज्याला नको होतं त्याला पाडायला तिसऱ्याच कुणाला तरी बटण दाबलं. निकाल लागला आणि त्या अपक्षांचं डिपॉझिट गेलं. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशही मतं नाही पडली की ते जातं. आपलं एक मत त्यांना पडलं असतं तरी डिपॉझिट वाचलं नसतं हे मला माहितीये, पण त्यांना आवडणारी गावात किती माणसं आहेत ते त्यांना कधी कळलंच नाही, आणि हे मला अजून टोचतं.

आपल्या भाषेत या गोष्टीसाठी किती शब्द आहेत बघा. मतविभागणी. मतं खाणं. मतं खायला उभा केलाय. त्याच्याच नावाचा दुसरा कुणीतरी शोधून आणलाय. डब्लिनच्या ऑफिसमध्ये मी एका सहकाऱ्याला “मतं खाल्ली” म्हणजे काय ते समजवायला गेले तर त्याला कळेनाच. त्याचं म्हणणं, दोघे सारखेच आवडत असतील तर एकाला एक द्या, दुसऱ्याला दोन द्या, कोण कुणाचं कशाला खाईल?

माझा मामेभाऊ लेस्टरला असतो. त्याची गोष्ट अजून वेगळी, कारण ब्रिटनमध्ये कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना थेट संसदेच्या निवडणुकीतसुद्धा मत असतं, तो नुसता वर्क व्हिसावर गेलेला तरी ४ जुलै २०२४ ला त्याने खासदार निवडायला मत दिलं. मला पार्लमेंटला मत नाही, त्याला आहे. पण पद्धत आपलीच, म्हणजे आपण ती त्यांच्याकडूनच घेतलेली, ज्याला सगळ्यात जास्त तो आला. त्या निवडणुकीत देशभर लेबर पक्षाला साधारण ३४ टक्के मतं पडली आणि ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्म पक्षाला १४ टक्के मतं, जागा ५. लिबरल डेमोक्रॅट पक्षाला त्यांच्यापेक्षा कमी, १२ टक्के, आणि जागा ७२, कारण त्यांची मतं ठराविक ठिकाणी गोळा झालेली. त्याच्या पूर्व लेस्टर मतदारसंघात तर आधीचे दोन खासदार पुन्हा उभे, एक अपक्ष आणि एक ‘वन लेस्टर’ नावाच्या छोट्या पक्षाकडून, मतं चहूकडे फुटली, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार तीसेक टक्क्यांवर निवडून आली. देशभर मार खाल्लेल्या त्या पक्षाने दुसऱ्याकडून हिसकावलेली ही एकुलती एक जागा. भाऊ म्हणाला अगदी आपल्या तालुक्यातलं इलेक्शन बघितल्यासारखं वाटलं. बाकीच्या सत्तर टक्के लोकांची दुसरी पसंती कोण होती हे तिथे कुणी विचारतच नाही, मतपत्रिकेवर ते लिहायला जागाच नाही.

तर ७ जूनला मी प्राथमिक शाळेतल्या केंद्रावर गेले. छोट्या छोट्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या, भिंतीवर मुलांनी काढलेली मधमाशी. यादीत माझ्या नावापुढे ‘एल’ अक्षर होतं, म्हणजे ही फक्त लोकलची मतदार. त्याच दिवशी युरोपियन पार्लमेंटचं पण मतदान होतं, शेजारच्या बाईला दोन मतपत्रिका मिळाल्या, मला एक. शिक्का मारून दिलेली, वर उमेदवारांचे फोटो, आडनावाच्या वर्णक्रमाने लावलेले. आडोशात दोरीला बांधलेली पेन्सिल. पेन्सिल टेकवली आणि हात आपोआप बाबांच्या चिठ्ठीतला देवनागरी एक काढायला निघाला, तो अर्धगोल सुरू होतानाच मी थांबले, कारण आपला एक इथे कुणालाही इंग्रजी नवासारखा दिसेल, आणि ज्याला पहिला घालायचा तो नववा होऊन बसायचा. पेन्सिल उचलली, श्वास घेतला, सरळ उभी रेघ मारली. अपक्षाला एक. दोन नंबर एका मोठ्या पक्षाच्या म्हाताऱ्या नगरसेवकाला, त्याने आमच्या रस्त्यावर दिवे आणले होते. रेनकोटवाल्या बाईला तीन. असं करत नऊपर्यंत गेले. दोघा जणांच्या समोर काहीच घातलं नाही, ते परदेशातून आलेल्या लोकांबद्दल पत्रकात काय लिहीत होते ते मी वाचलं होतं.

आता हे चालतं कसं ते सांगते, बाबांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलंय. आमच्या भागात पाच जागा. समजा १२,००० वैध मतं पडली. जागांमध्ये एक मिळवायचा, सहा, त्याने भागायचं, २,०००, आणि त्यात एक मिळवायचा, २,००१. हा कोटा. एवढी मतं पाच जणांनाच मिळू शकतात, सहाव्याला पुरतच नाहीत, म्हणून एवढी मिळाली की तुम्ही निवडून आलात. कुणाला २,६०० पडली तर वरची ५९९ त्याच्या काय कामाची, ती त्या मतदारांच्या पुढच्या पसंतीप्रमाणे पुढे जातात. आणि कुणीच कोटा गाठत नसेल तर सगळ्यात खालचा उमेदवार बाद आणि त्याच्या मतपत्रिका उचलून प्रत्येकीवर पुढचा आकडा कुणाचा आहे बघून त्याच्या गठ्ठ्यात. असं फेरी फेरीने पाच जागा भरेपर्यंत.

कागदावर हे नुसतं गणित दिसतं, पण त्याने माणसं कशी वागतात ते बदलतं. दुसऱ्याच्या मतदाराची दोन नंबरची मतं लागणार असतील तर त्या मतदाराला शिव्या घालून चालत नाही. रेनकोटवाली बाई माझ्या दारात जे बोलली ते तिच्या चांगुलपणातून आलं असेलच, पण पद्धतीनेही ते तिला शिकवलं होतं. पक्षांचं डोकं तर वेगळ्याच ठिकाणी चालतं. एकाच भागात एकाच पक्षाचे दोन-तीन उमेदवार उभे असतात, मग पत्रकं अशी वाटतात की नदीच्या अलीकडच्यांनी अमक्याला एक आणि तमक्याला दोन द्या, पलीकडच्यांनी उलट, म्हणजे दोघेही तरंगत राहतात. किती उमेदवार द्यायचे हा अंदाज चुकला की मोठे पक्ष तोंडघशी पडतात. २०२० च्या इथल्या संसदेच्या निवडणुकीत शिन फेन पक्षाला सगळ्यात जास्त पहिल्या पसंतीची मतं पडली पण त्यांनी उमेदवारच फक्त ४२ उभे केलेले, त्यांच्या उरलेल्या मतांवर दुसऱ्या छोट्या पक्षांची माणसं निवडून आली. २०२४ च्या लोकलला त्यांनी भरमसाठ उमेदवार दिले आणि तेव्हा अपेक्षेइतकी मतंच पडली नाहीत.

यातली एक गोष्ट मला आपल्याकडे फार हवीशी वाटते. पक्षाचा उमेदवार मला आवडला नाही तर पक्ष न सोडता मी त्याच पक्षाच्या दुसऱ्याला वर ठेवू शकते. आपल्याकडे तिकीट कुणाला ते वरून ठरतं, शेवटच्या दिवशी एबी फॉर्म कुणाच्या खिशात निघतो त्यावर सगळं, मग ज्याला नाही मिळालं तो बंडखोर. पुण्यात २०१७ ला चार नगरसेवकांचे प्रभाग होते, एका मतदाराला चार बटणं दाबायची, पण अ, ब, क, ड प्रत्येक जागेची लढाई वेगळी, प्रत्येक ठिकाणी पुन्हा ज्याला जास्त तो, त्यामुळे एकाच पॅनलने चारही जागा नेणं सहज व्हायचं. प्रभागातली चाळीस टक्के माणसं चारही ठिकाणी हरू शकतात. इथे पाच जागांच्या भागात सतरा टक्क्यांच्या आसपास माणसं एकत्र आली तर त्यांचा एक माणूस कौन्सिलमध्ये बसतोच.

शनिवारी मोजणी. शेजारचे एक आजोबा रेनकोटवाल्या बाईसाठी टॅली करणार होते, त्यांनी मला पास मिळवून दिला. टॅली म्हणजे काय ते मला जाईपर्यंत कळलं नव्हतं. मोठ्या हॉलमध्ये टेबलं, टेबलांच्या कडेने बॅरियर, आत मोजणारे कर्मचारी, बाहेर सगळ्या पक्षांचे लोक खांद्याला खांदा लावून वाकलेले. सकाळी नऊला पेट्या उघडतात, टेबलावर मतपत्रिका ओततात, कर्मचारी एक एक घडी उलगडून तोंड वर करून ठेवतात, आणि त्या अर्ध्या सेकंदात बॅरियरबाहेरचा माणूस एक नंबर कुणाला आहे ते बघून आपल्या कागदावर पेन्सिलीने रेघ मारतो. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, आमच्या दूधवाल्याच्या वहीसारख्या. आजोबांचं वय सत्तरच्या पुढे आणि नजर घारीची. ते एकीकडून बघतायत, त्यांच्या शेजारी कट्टर विरोधी पक्षाची एक तरुण मुलगी दुसरीकडून बघतेय, आणि साडेअकराला दोघांनी आपापले कागद एकमेकांना दिले. मला आधी वाटलं मी चुकीचं बघतेय. सगळे पक्ष टॅली वाटून घेतात आणि शेवटी एकत्र बेरीज करतात, अधिकृत पहिली फेरी यायच्या कितीतरी आधी हॉलमधल्या प्रत्येकाला चित्र कळलेलं असतं.

आमच्या रस्त्याची पेटी उघडली तेव्हा आजोबांनी मला पुढे ओढलं. मी वाकून बघत होते. माझ्या शेजाऱ्यांचे आकडे. कुणी थरथरत्या हाताने काढलेले, कुणी इतके दाबून की कागद फाटायला आलेला, कुणी नुसता एक आणि बाकी सगळं कोरं, कुणी खालपर्यंत सगळ्यांना. कुठलं मत कुणाचं ते कळत नाही, कळू पण नये, पण या रस्त्यावर मी सहा वर्षं राहते आणि पहिल्यांदाच मला ती सगळी माणसं एका टेबलावर दिसली.

मशीनवर ही मजा नाही असं आजोबा म्हणाले, आणि मग त्यांनी इथल्या मशीनची हकीकत सांगितली. २००२ मध्ये तीन मतदारसंघांत मशीनवर मतदान घेतलं, निकाल रात्री एका क्षणात जाहीर झाला, आणि नोरा ओवेन नावाच्या माजी मंत्री स्टेजवर उभ्या असताना त्यांना कळलं की त्या हरल्यात, फेरी फेरीने अंदाज यायला वेळच मिळाला नाही. लोकांना ते बघवलं नाही. शिवाय खात्री कशी करायची हा प्रश्न होताच. तोवर सरकारने साडेसात हजार मशीन घेऊन ठेवलेल्या, पाच कोटींहून जास्त युरो गेलेले, त्या कधीच सगळीकडे वापरल्या नाहीत आणि २०१२ मध्ये सत्तरेक हजार युरोला भंगारात विकल्या. त्यावर मी आपल्या ईव्हीएमबद्दल काही बोलले नाही, नव्वद कोटींहून जास्त मतदारांचा देश आणि हा देश एका मापाने मोजता येत नाही. पण डोळ्यांसमोर मोजलेलं मत बघण्यात काय असतं ते मात्र त्या दिवशी कळलं.

दर फेरीनंतर मी बाबांना फोन करत होते. त्यांनी वही घेतली होती, रकाने आखले होते, प्रत्येक उमेदवाराला एक रकाना. मधल्या वेळात फेरी लांबली की ते बोलत राहायचे. म्हणाले, तुला माहितीये का, बाबासाहेब संविधान सभेत पहिल्यांदा कसे गेले? १९४६ ला प्रांतांच्या विधिमंडळांनी प्रतिनिधी निवडायचे होते आणि पद्धत हीच, पसंतीक्रमाची. मुंबईतून त्यांना वाव नव्हता. बंगालमधून जोगेंद्रनाथ मंडल आणि मोजक्या आमदारांनी त्यांना पाठवलं. मोजके आमदार पुरले, कारण कोटा भरला की झालं, बाकीचे सगळे विरोधात असले तरी. पुढे थेट निवडणुकीत १९५२ ला उत्तर मुंबईत हरले, १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हरले. आणि १९५२ ला राज्यसभेवर गेले ते परत याच पद्धतीने. “माणूस तोच,” बाबा म्हणाले, “मोजायची रीत बदलली की आत, नाहीतर बाहेर.” मी हॉलच्या कोपऱ्यात कॉफीचा कागदी कप घेऊन उभी होते, आणि इतकी वर्षं महाराष्ट्रात शिकून हे चार निकाल मी कधी एका ओळीत ठेवून बघितले नव्हते.

मग त्यांना १० जून २०२२ ची रात्र आठवली. राज्यसभेच्या सहा जागा, उमेदवार सात, पहाटेपर्यंत टीव्हीवर कोटा कोटा चाललेलं. २८४ वैध मतं, प्रत्येकाची किंमत शंभर, म्हणजे २८,४००, भागिले सात, अधिक एक, ४,०५८. संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३, धनंजय महाडिकांना २७, आणि तरी महाडिक आले, कारण त्यांच्या पक्षाच्या दोन उमेदवारांना प्रत्येकी ४८ पडलेली, कोट्याच्या वर उरलेली मतं खाली महाडिकांकडे वळली. कोण आला ते सोड, गणित बघ, असं ते तेव्हाही म्हणाले होते. आपल्याकडे राष्ट्रपती या पद्धतीने निवडतात, राज्यसभा निवडतात, पदवीधर आणि शिक्षक आमदार निवडतात. सामान्य मतदाराला मात्र ती दिली नाही, अवघड जाईल म्हणून. या कारणाने मला खरंच राग येतो. आयर्लंडमध्ये स्लायगो नावाच्या गावाने १९१९ मध्ये पहिल्यांदा असं मत दिलं, तेव्हापासून शेतावरच्या म्हाताऱ्या बायका आकडे घालत आल्यात. तेव्हाचे सरकारप्रमुख डी व्हॅलेरा यांनी १९३७ च्या घटनेत ही पद्धत घातली, आणि त्यांच्याच पक्षाने १९५९ मध्ये ती काढायचा प्रस्ताव जनतेपुढे ठेवला. त्याच दिवशी डी व्हॅलेरा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि त्यांचा प्रस्ताव पडला. १९६८ ला परत विचारलं, परत नाही, यावेळी साठ टक्क्यांहून जास्त लोकांनी.

सगळं छान आहे असं नाही. २०२० मध्ये मतदान ८ फेब्रुवारीला झालं आणि सरकार आलं २७ जूनला. खासदारसुद्धा आपल्या भागातले खड्डे आणि दिवे यातच अडकून राहतो, कारण त्याला पाडायला त्याच्याच पक्षाचा माणूस शेजारी उभा असतो. त्याच जूनमध्ये वायव्येकडच्या एका युरोपियन मतदारसंघात २७ उमेदवार होते, मतपत्रिका हातभर लांब, मोजणी जवळजवळ आठवडाभर चालली. आणि सतत आघाड्या. १९२२ च्या यादवीतून निघालेले दोन पक्ष, जन्मभर एकमेकांसमोर, २०२० ला एकत्र सरकारात बसले आणि पंतप्रधानपद वाटून घेतलं, आधी मीहॉल मार्टिन, मग लिओ वराडकर. वराडकरांचं नाव निघालं की बाबांचा आवाज बदलतो, त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. पण २०२० च्या निवडणुकीत पंतप्रधान असताना तेही आपल्या मतदारसंघात पहिल्या फेरीत आले नाहीत, पाचव्या फेरीत आले, दुसऱ्यांच्या मतांवर. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, हे मला आवडतं.

संध्याकाळी हॉलमध्ये एका गोष्टीकडे माझं सगळं लक्ष लागलेलं. ज्या दोघांसमोर मी जागा कोरी सोडली होती, त्यातला एक पहिल्या फेरीला चौथ्या नंबरवर होता. पाच जागा, चौथा नंबर. माझ्या पोटात गोळा आला. सात महिन्यांपूर्वी नोव्हेंबरमध्ये डब्लिनच्या मध्यावर स्थलांतरितांविरुद्धच्या दंगलीत बसेस जाळल्या होत्या, त्या रात्री मी ऑफिसमधून चालत घरी आले होते. आजोबांनी माझा चेहरा बघितला आणि म्हणाले, थांब, त्याला ट्रान्सफर येत नाहीत. दुसरी फेरी झाली, त्याला अकरा मतं वाढली. तिसरी, नऊ. खालून बाद होणाऱ्यांच्या मतपत्रिका उघडत होत्या आणि त्यांच्यावर त्याचा आकडा जवळजवळ कुठेच नव्हता. ज्यांना तो आवडत होता त्यांनी त्याला एक नंबर दिला होता, बाकी कुणाच्या चिठ्ठीत त्याचं नाव नव्हतं. तो तिथेच थिजून राहिला आणि बाकीचे एकेक करून त्याच्या वर गेले. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात इथे भारतीयांवर हल्ले झाले तेव्हा मला भीती वाटली, पण त्या भीतीतही मला त्या हॉलमधले ते अकरा आणि नऊ आठवत राहिले.

रात्री अकरा वाजता शेवटची फेरी, नववी. पाचवी जागा कोटा न गाठताच भरली, कारण वर दुसरं कुणी उरलंच नव्हतं. मी फोन लावला. भारतात पहाटेचे साडेतीन, बाबा जागे. त्यांनी वहीतली शेवटची बेरीज तपासली आणि मग विचारलं, “आता सांग, तुझं मत शेवटी कुठं थांबलं?”

आम्ही दोघांनी मिळून माग काढला. एक नंबर, मैदानवाला अपक्ष, चौथ्या फेरीअखेर बाद. दोन नंबर, दिवे आणणारे म्हातारे नगरसेवक, ते तिसऱ्या फेरीतच निवडून आलेले, त्यांना मताची गरज नाही, म्हणून ते ओलांडून तीन नंबरवर, रेनकोटवाली बाई. ती सातव्या फेरीअखेर बाद झाली, १८ मतांनी. मग चार नंबर, एका छोट्या पक्षाची मुलगी, जी माझ्या दारात कधी आली नव्हती, जिचं फक्त पत्रक मी वाचलं होतं. तिला पाचवी जागा मिळाली. “चौथं पुस्तक,” बाबा म्हणाले, आणि वही मिटल्याचा आवाज आला.

इथे मतदानानंतर सात दिवसांत खांबांवरचे पोस्टर काढावे लागतात, नाहीतर दंड. बुधवारी संध्याकाळी मी दुकानातून येत होते तर कोपऱ्यावर रेनकोटवाली बाई शिडीवर चढून स्वतःच्या चेहऱ्याचं पोस्टर सोडवत होती, त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या कात्रीने कापत होती. मला ओळखलं तिने. मी म्हटलं, मी तुम्हाला तीन नंबर दिला होता. तिने हातातली कात्री थांबवली आणि बोटांवर मोजलं. “तुमचा तो मैदानवाला चौथीला गेला, म्हणजे पाचवी, सहावी, सातवी,” ती म्हणाली, “तीन फेऱ्या तुमचं मत माझ्याकडे होतं. थँक यू.” वारा सुटला होता, शिडी हलत होती. मी पिशवी खाली ठेवली आणि ती पुढच्या खांबापर्यंत जाईस्तोवर शिडी धरली.